टॅक्स माफ केला की गावातली बेरोजगारी कमी होते का? मजूर अड्ड्यावरचं गणित

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. १.५४ लाख कोटींची गुंतवणूक, एक लाख रोजगार, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून सगळीकडे संताप. पुढे जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, पण तो वेगळा विषय. मला तेव्हापासून एक गोष्ट खटकतेय. सवलती जास्त द्यायला हव्या होत्या म्हणणारे आणि नको होत्या म्हणणारे, दोघंही एक गोष्ट गृहीत धरूनच भांडत होते, की कंपनी आली म्हणजे तिथली बेरोजगारी कमी होणारच. ते खरंच तसं होतं का हे कोणी विचारतच नव्हतं, आणि अर्थशास्त्रात तर या एका प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षं ढीगभर काम झालंय.

आधी सवलत म्हणजे काय ते थोडक्यात. महाराष्ट्रात ही पद्धत १९६४ पासून आहे, सामूहिक प्रोत्साहन योजना म्हणतात तिला. तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट केलेत, जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. कंपनीने भरलेल्या राज्य जीएसटीचा काही भाग परत मिळतो, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, वगैरे. म्हणजे सरकार उत्पन्न सोडतं आणि त्या बदल्यात तिथे रोजगार येईल अशी अपेक्षा ठेवतं.

आता पहिला प्रश्न असा की सवलत दिली नसती तर कंपनी आली नसती का? आपल्याकडे म्हण आहेच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सवलत दिली, कंपनी आली, म्हणून सवलतीमुळे आली असं सिद्ध होत नाही. ताप आलेल्या पोराला अंगारा लावतात, तीन दिवसांनी ताप उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला जातं, पण व्हायरलचा ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआपच उतरतो. अंगारा न लावलेली पोरं किती दिवसांत बरी झाली हे बघितल्याशिवाय अंगाऱ्याबद्दल काहीच बोलता येत नाही, आणि अगदी हीच चूक शिकलेसवरलेले लोक उद्योग धोरणाच्या बाबतीत करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत टिमथी बार्टिक नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, आयुष्यभर याच विषयावर काम केलंय त्यांनी. २०१८ मध्ये त्यांनी तिथले तीसेक अभ्यास एकत्र करून बघितले, तर निष्कर्ष असा की सवलत घेणाऱ्या १०० कंपन्यांपैकी साधारण २ ते २५ कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलला होता. बाकीच्या तशाही तिथेच येणार होत्या, कारण रस्ता, पाणी, वीज, कुशल कामगार, बंदर, सप्लायर हे सगळं तिथे होतं. याचा हिशोब करून बघा. कागदावर एका नोकरीमागे सरकारचा १ लाख खर्च दिसत असेल तर खऱ्या नव्या नोकरीमागचा खर्च ४ लाखांपासून ५० लाखांपर्यंत कुठेही जाऊ शकतो.

पण समजा ती कंपनी खरोखर सवलतीमुळेच आली. नोकऱ्या खऱ्या, पगार खरा. आता तरी गावातली बेरोजगारी कमी होईल ना? इथेच तो भाग येतो जो मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो, कागद-पेन घेऊन बसलात तर मजा येईल.

सकाळी सात वाजता कुठल्याही मजूर अड्ड्यावर जाऊन उभे रहा. मुंबईत नाका म्हणतात. शे-दोनशे माणसं उभी असतात, हातात थापी नाहीतर डबा. मुकादम येतो, काहींना घेऊन जातो, दहा-साडेदहापर्यंत उरलेले परत जातात. आता मला सांगा, रोज अर्धी माणसं काम न मिळता परत जातात हे माहीत असूनही दुसऱ्या दिवशी तितकीच माणसं का येतात? कमी का येत नाहीत, किंवा दुप्पट का येत नाहीत?

१९७० मध्ये जॉन हॅरिस आणि मायकल टोडारो या दोघांनी याचं उत्तर एका साध्या गुणाकारात दिलं. माणूस शहरातला पगार आणि गावातला पगार यांची तुलना करत नाही, तो शहरातला पगार गुणिले काम मिळायची शक्यता याची गावातल्या पगाराशी तुलना करतो. आकडे काल्पनिक घेऊ. गावात शेतावर रोज ४०० रुपये हमखास मिळतात. शहरात ८०० मिळतात पण काम मिळालं तर. शहरात १०,००० कामं आहेत. मग किती माणसं येतील? काम मिळायची शक्यता निम्मी होईपर्यंत येत राहतील, कारण ८०० चे निम्मे ४००, म्हणजे गावाइतकेच. शक्यता निम्मी कधी होते, तर १०,००० कामांना २०,००० माणसं झाली की. म्हणजे १०,००० लोक बेरोजगार, आणि कोणालाही गावी परत जायचं कारण नाही किंवा नव्याने यायचंही कारण नाही. काटा तिथे स्थिर.

आता सरकारने टॅक्स माफ केला आणि १,००० नवीन नोकऱ्या आल्या. एकूण कामं ११,०००. पहिल्या आठवड्यात बेरोजगार ९,००० वर आले, बातमीही छापून आली. पण काम मिळायची शक्यता निम्म्यापेक्षा वाढली, ती फोनवरून गावी कळली, आणि परत निम्मी होईपर्यंत माणसं येत राहिली, म्हणजे एकूण २२,००० माणसं झाली. बेरोजगार किती? ११,०००. नोकऱ्या एक हजाराने वाढल्या आणि बेरोजगारही एक हजाराने वाढले. दर होता तिथेच, ५० टक्के!

आणि अजून एक पाऊल पुढे. कंपनी मोठी आहे, पगार १,००० रुपये देते आणि तिच्यामुळे शहरातला सगळा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, वाढला असं धरा. आता ४०० ला १,००० ने भागा, शक्यता ०.४ ला येऊन थांबते. ११,००० भागिले ०.४ म्हणजे २७,५०० माणसं, त्यातले १६,५०० बेकार, दर ६० टक्के. बीजगणितात लिहायचं तर बेरोजगारीचा दर म्हणजे १ वजा (गावचा रोज भागिले शहरचा रोज), आणि नीट बघितलंत तर या सूत्रात नोकऱ्यांची संख्या कुठेच नाही, ती छेदून गेली. मी पहिल्यांदा हे सोडवलं तेव्हा तीनदा तपासून बघितलं होतं. बेरोजगारी ठरते दोन ठिकाणच्या मजुरीतल्या दरीवर, आणि दरी कमी करायची तर एक वाट गावातला रोज वाढवण्याची पण आहे, म्हणजे पाटाचं पाणी, गावातला रस्ता, रोजगार हमी. याची चर्चा औद्योगिक धोरणात कधी होत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. केनियात १९६४ मध्ये सरकार, मालक आणि युनियन यांनी करार केला, खासगी मालकांनी १० टक्के आणि सरकारने १५ टक्के जास्त माणसं घ्यायची, बदल्यात युनियनने पगारवाढ मागायची नाही. झालं काय, तर बातमी ऐकून खेड्यापाड्यांतून लोक नैरोबीकडे आले आणि बेरोजगारी होती तशीच राहिली. टोडारोंना प्रश्न पडला तो पूर्व आफ्रिकेतलं हे चित्र बघूनच.

अर्थात वास्तवात माणसं इतकी हिशोबी नसतात. खोलीभाडं असतं, गावी म्हातारे आईवडील असतात, ओळखीचा कोणी असल्याशिवाय कोणी शहरात जात नाही, आणि काम न मिळालेला माणूस रिकामा बसत नाही, भाजीची गाडी लावतो. म्हणून खरे आकडे इतके टोकाचे येत नाहीत. पण दिशा तीच. मला हे विहिरीसारखं वाटतं. मोटर लावून उपसा केला की पाणी खाली जातं, रात्रभरात झरे परत भरतात, कारण ती विहीर एकटी नाही, जमिनीखालच्या पाण्याला जोडलेली आहे. बेरोजगारीच्या विहिरीचे झरे भरायला किती वेळ लागतो हे ऑलिव्हिये ब्लँशार आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचे आकडे घेऊन मोजलं, उत्तर साधारण सहा-सात वर्षं. एखाद्या राज्यात नोकऱ्या अचानक वाढल्या किंवा घटल्या तर तेवढ्या काळात बेरोजगारीचा दर जुन्या पातळीला परत येतो, मुख्यतः लोक आल्या-गेल्यामुळे. बार्टिक यांचाही जुना अंदाज आहे की पाचेक वर्षांच्या पुढे बघितलं तर नव्या नोकऱ्यांपैकी ६० ते ९० टक्के बाहेरून आलेल्यांकडे जातात.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर उत्तराखंड आणि हिमाचल. जानेवारी २००३ मध्ये केंद्राने या दोन राज्यांना मोठं पॅकेज दिलं, नवीन कारखान्याला दहा वर्षं एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, पूर्ण माफ आणि पहिली पाच वर्षं इन्कम टॅक्स पण माफ. हिमाचलात बद्दीला औषध कंपन्यांची रांग लागली, उत्तराखंडात पंतनगर, रुद्रपूर, हरिद्वारला मोठे कारखाने उभे राहिले. रितम चौरे यांनी २०१७ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कारखान्यांची संख्या, भांडवल आणि रोजगार तिन्ही चांगलेच वाढलेले दिसतात. म्हणजे सवलतीने काहीच होत नाही असं म्हणणं चूक आहे, एक्साइजइतकी मोठी सवलत असली तर कारखाने येतात.

पण जनगणना उघडून बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत, पंतनगर-रुद्रपूर ज्या जिल्ह्यात आहेत त्या ऊधमसिंह नगरची लोकसंख्या ३३ टक्क्यांनी वाढली, हरिद्वारची ३० टक्क्यांनी, आणि त्याच राज्यात पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क कमी झाली. याला एकटा टॅक्स जबाबदार नाही, शाळा, दवाखाने, रस्ते सगळंच मैदानी भागात आहे. पण पॅकेज मागताना नाव डोंगरी राज्याचं पुढे होतं, आणि कारखाने तराईत, म्हणजे डोंगराखालच्या सपाटीवर, आल्यावर झरे कुठल्या बाजूला वाहिले ते या आकड्यांत दिसतं.

याचं एक टोक आपल्या पुण्यात पण आहे. २००७ मध्ये बजाज ऑटोचा पंतनगरचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. एका कारखान्यावरून अख्ख्या धोरणाचा निकाल लावता येत नाही हे मान्य, पण देशाचा हिशोब करताना पंतनगरला जमा झालेल्या नोकऱ्यांसमोर आकुर्डीतल्या वजा करायला नकोत का? अमेरिकेत कॅन्सस सिटी शहराच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते, तिथे हा प्रकार टोकाला गेला होता. २०११ मध्ये एएमसी या थिएटर कंपनीने मुख्यालय मिसूरीतून कॅन्ससमध्ये न्यायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलबीज या हॉटेल साखळीने कॅन्ससमधून मिसूरीत. दोन्ही राज्यांनी टॅक्सचे पैसे सोडले, कर्मचारी त्याच शहरात राहिले, फक्त सकाळी गाडी उलट्या दिशेला वळवायला लागले. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या कंपन्या पळवायला सवलत द्यायची नाही असा तह केला.

इथे थोडं जाहिरातबाजीबद्दल. सामंजस्य करार म्हणजे नोकरी नाही. तीच फॉक्सकॉन २०१७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला १३,००० नोकऱ्या देणार होती, राज्याने जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या, आणि २०२१ ला करार नव्याने झाला तेव्हा आकडा १,४५४ वर आला. तसंच 'एका नोकरीमागे दहा नोकऱ्या' हे वाक्य कोणी टाकलं की सरळ विचारा, मोजलं कोणी? एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकन शहरांत मोजलं तेव्हा कारखान्यातल्या एका नोकरीमागे त्याच शहरात दुकानं, हॉटेलं, सेवा वगैरेंत १.६ नोकऱ्या आल्या. हे पण कमी नाही, पण दहा नव्हे.

मग सवलत द्यायचीच तर कशी? माझं मत असं की ती माणसाला बांधलेली असावी. १९९३ च्या कायद्याने अमेरिकेत काही गरीब शहरी वस्त्यांसाठी एक सवलत आली. कंपनीला कामगाराच्या पहिल्या १५,००० डॉलर पगारावर २० टक्के, म्हणजे ३,००० डॉलरपर्यंत टॅक्स सूट, पण अट अशी की तो कामगार त्याच वस्तीत राहणारा आणि त्याच वस्तीत काम करणारा हवा. बाहेरून माणूस आणला तर सूट नाही. झऱ्याच्या तोंडावर दगड ठेवल्यासारखं झालं हे. बुसो, ग्रेगरी आणि क्लाइन यांनी २०१३ मध्ये त्याचा अभ्यास केला तेव्हा तिथल्या रहिवाशांचा रोजगार खरोखर वाढलेला दिसला.

आपल्याकडेही ८० टक्के स्थानिकांना नोकरी द्यायची अट आहे. पण स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला. म्हणजे सोलापूरचा मुलगा चाकणमध्ये स्थानिक, मग चाकणच्या जुन्या गावकऱ्याच्या मुलाला काम मिळो न मिळो, अट पूर्ण. गावकऱ्यांची जमीन गेली असल्यामुळे त्यांना हे बोचतं आणि त्यांचं बोचणं खरं आहे. पण करमाळ्याच्या ज्या पोराला दोन एकर कोरडवाहूवर तिघा भावांत राबायचं नव्हतं, त्याला चाकणला २० हजारांची नोकरी लागली तर चाकणच्या बेरोजगारीच्या दरात ते कुठेच दिसणार नाही आणि करमाळ्याच्याही नाही, कारण तिथे तो शेतीत रोजगार असलेला म्हणूनच मोजला जात होता. त्याच्या घरी मात्र महिन्याच्या सात तारखेला पैसे येतात. तालुक्याचा दर बघायचा की या पोराचा पगार बघायचा, हे सवलतीचा कागद लिहिण्याआधी ठरवायला हवं, आणि तसं ठरवून लिहिलेला एकही कागद माझ्या तरी बघण्यात आलेला नाही.