टॅक्सी निवृत्त झाली की तिची किंमत कोण ठरवतं?

मुंबईतली शेवटची पद्मिनी (प्रीमियर कंपनीची, लोकांच्या तोंडी 'फियाट') टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. तिथे टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. इंजिन ठणठणीत असतं तरी फरक पडला नसता.

गोव्यात हे वेगळ्या वाटेने घडलं. पोर्तुगीज अमदानीत खाणींचा पैसा होता, आयात बरीच मोकळी होती. त्यामुळे १९५० च्या दशकात मर्सिडीज १७० आणि १८० इथे आल्या आणि त्यांतल्या कित्येक टॅक्सी झाल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, भारताचे कडक आयात नियम लागू झाले, नवी गाडी येणं थांबलं. आहे तीच जपायची वेळ आली. त्यातही यांतल्या बऱ्याच डिझेलवर चालत, आणि तशी मोटारगाडी तेव्हा भारतात बनतच नव्हती, म्हणून भाड्याच्या धंद्यात या गाड्या वर्षानुवर्षं टिकल्या. पुढे संग्राहक त्यांच्या शोधात गोव्यात येऊ लागले.

पद्मिनीला असा भाव मिळाला नाही, कारण उघड आहे. मुंबईत खरी किंमत परवान्याची. जुनी गाडी काढून त्याच परवान्यावर नवी चढवायची आणि जुनी भंगारात द्यायची. ज्या गाडीने घर चालवलं, ती अशी पत्र्याच्या भावाने गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांना विंटेज दर्जा दिला. अट अशी की पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र तिच्यावर व्यवसाय करायचा नाही. गोव्यातल्या जुन्या मर्सिडीज यात सहज बसतात. मुंबईची ती शेवटची पद्मिनी २०५३ मध्ये बसेल.

तोवर ती गोव्यात आणून सांभाळायची तर टॅक्सीचा परवाना परत करून गाडी खासगी करून घ्यायची, मुंबईच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणायची, इथला रोड टॅक्स भरायचा. खासगी नोंदणीसाठी काळा-पिवळा रंगही उतरवावा लागतो. माझ्या मते हा नियम बदलायला हवा: धंदा बंद झालेल्या टॅक्सीला तिचा रंग ठेवू द्यावा, कारण घेणारा पैसे मोजतो ते त्या रंगासाठीच.