‘अ‍ॅपल’ आला तेव्हा मदर लव्ह बोन उरला नव्हता

मदर लव्ह बोन या सिएटलच्या रॉक बँडचा एकुलता एक पूर्ण अल्बम, ‘अ‍ॅपल’, १९ जुलै १९९० रोजी दुकानांत आला. गायक अँड्र्यू वुडला जाऊन त्या दिवशी बरोबर चार महिने झाले होते. बँडही त्याच्याबरोबरच संपला होता.

पर्ल जॅम या बँडची गोष्ट सांगताना या बँडचं नाव हमखास येतं, पण दोन ओळींपुरतं. गायक गेला, उरलेल्यांनी नवा बँड काढला, तो जगभर गाजला. मला हे नेहमी खटकतं. मदर लव्ह बोन ही कुणाची प्रस्तावना नव्हती. ती पोरं सिएटलमध्ये राहून वेगळंच काहीतरी करू पाहत होती.

१९८० च्या दशकात हे शहर रेकॉर्ड कंपन्यांच्या खिजगणतीत नव्हतं. त्यांचा सगळा कारभार लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये. इथले बँड छोट्या बारमध्ये बहुतेक एकमेकांसमोरच वाजवत. त्यांतला महत्त्वाचा बँड म्हणजे १९८४ मध्ये निघालेला ग्रीन रिव्हर. बासवर जेफ अ‍ॅमेंट, गिटारवर स्टोन गोसार्ड आणि ब्रूस फेअरवेदर, गायला मार्क आर्म. अ‍ॅमेंट आणि गोसार्ड यांना मोठ्या कंपनीशी करार हवा होता, आर्मला स्वतंत्र राहायचं होतं. ऑक्टोबर १९८७ मध्ये ते वेगळे झाले. आर्मने पुढे मडहनी हा बँड काढला.

दुसऱ्या बाजूला होता मालफंक्शन. वुडने थोरला भाऊ केव्हिनसोबत १९८० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा बँड सुरू केला. चेहऱ्याला पांढरा रंग फासून तो ‘लँड्र्यू द लव्ह चाइल्ड’ या नावाने स्टेजवर यायचा. भोवतालचे बँड मान खाली घालून वाजवत असताना हा पठ्ठ्या पंधरावीस माणसांच्या बारमध्ये भरलेल्या स्टेडियमशी बोलावं तसा प्रेक्षकांशी बोलायचा. किस हा बँड आणि मार्क बोलन, एल्टन जॉन, ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी हे गायक ही त्याची दैवतं. (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिल्या बँडमध्ये वाजवलेला, तोच मर्क्युरी.) नंतर सिएटल म्हटलं की उदास, कण्हणारा आवाज लोकांच्या कानात घुमू लागला. वुडच्या गाण्यात मात्र भडक रंग होते, लाडिकपणा होता, आणि त्याच्याआड दडलेलं दुःखही होतं.

१९८६ च्या ‘डीप सिक्स’ या संकलनात ग्रीन रिव्हर आणि मालफंक्शन एकाच तबकडीवर होते. पुढे गोसार्ड, अ‍ॅमेंट, फेअरवेदर हे वुडबरोबर वाजवू लागले. ड्रम्सवर ग्रेग गिलमोर आला आणि १९८८ मध्ये मदर लव्ह बोन उभा राहिला. त्याच वर्षी पॉलिग्रॅम या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. मार्च १९८९ मध्ये त्यांची पहिली छोटी रेकॉर्ड, ‘शाइन’, निघाली. त्यातलं ‘क्लोई डान्सर/क्राउन ऑफ थॉर्न्स’ आठ मिनिटांहून लांब आहे. आधी पियानोवर जवळजवळ एकटा वुड, मग हळूहळू सगळा बँड. हा बँड नेमका काय होता हे कुणी विचारलं, तर मी आधी हेच गाणं ऐकवतो.

‘अ‍ॅपल’चं रेकॉर्डिंग १९८९ च्या उत्तरार्धात टेरी डेट या निर्मात्याबरोबर झालं. तेरा गाणी तयार होती. वुड हेरॉइनच्या व्यसनाशी कित्येक वर्षं झगडत होता, उपचारही घेऊन झाले होते. ९ मार्च १९९० रोजी बँड सिएटलच्या सेंट्रल टॅव्हर्नमध्ये वाजला. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम. १६ मार्चला वुड घरी बेशुद्ध सापडला. तीन दिवस तो यंत्रांच्या आधारावर होता. १९ मार्चला तो गेला, तेव्हा वय होतं २४.

यानंतर जे घडलं त्याची सुरुवात शोकातून झाली. साउंडगार्डन या सिएटलच्याच बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल वुडबरोबर एकाच घरात राहिलेला. त्याने मित्रासाठी ‘से हॅलो टू हेवन’ आणि ‘रीच डाउन’ ही गाणी लिहिली आणि ती वाजवायला गोसार्ड आणि अ‍ॅमेंट यांनाच बोलावलं. सोबत गिटारिस्ट माइक मॅक्क्रेडी, साउंडगार्डनचा ड्रमर मॅट कॅमरन आणि सॅन दिएगोहून नुकताच आलेला, फारसं कुणाला माहीत नसलेला एडी व्हेडर. दोन आठवड्यांच्या आसपास काम करून त्यांनी पुरता अल्बम केला. त्याचं ‘टेम्पल ऑफ द डॉग’ हे नाव वुडच्याच ‘मॅन ऑफ गोल्डन वर्ड्स’ या गाण्यातल्या शब्दांवरून घेतलेलं. एप्रिल १९९१ मध्ये तो आला. ऑगस्टमध्ये गोसार्ड, अ‍ॅमेंट, मॅक्क्रेडी आणि व्हेडर यांच्या नव्या बँडचा, म्हणजे पर्ल जॅमचा, ‘टेन’ हा अल्बम आला आणि मग सगळ्यांच्याच नजरा सिएटलकडे वळल्या. १९९२ मध्ये कंपनीने ‘शाइन’ आणि ‘अ‍ॅपल’ एकत्र करून पुन्हा बाजारात आणले, आणि बऱ्याच जणांनी वुडचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

फेअरवेदर आणि गिलमोर यांच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही. त्यांची नावं मुद्दाम घ्यावीशी वाटतात, कारण ‘अ‍ॅपल’ त्यांचाही आहे. त्यातलं ‘स्टारगेझर’ ऐकताना ते विशेष जाणवतं.

पर्ल जॅम दहा वर्षं ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’च्या वाटेला गेला नाही. २२ ऑक्टोबर २००० रोजी, आपल्या पहिल्या कार्यक्रमाला दहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, लास व्हेगासमध्ये त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. गायला व्हेडर. गोसार्ड आणि अ‍ॅमेंट पूर्वीसारखेच गिटार आणि बासवर होते.