निष्पर्ण झाड म्हणजे वठलेलं झाड नव्हे

“उन्हाळ्यात ज्या झाडावर एकही पान नाही ते वठलेलं, ओळखता आलं नाही तरी सरपणाला खुशाल तोडावं.” हा समज जुना आहे, आणि सहज पटतोही.

पण आपल्याकडची कितीतरी झाडं पानझडीची. साग, ऐन, सावर, पांगारा, शेमट. पाणी वाचवण्यासाठी ती पानं गाळतात आणि आत जिवंत राहतात. कांडोळ तर पांढऱ्याफटक खोडामुळे मेल्यासारखाच दिसतो. शेमटाची नुसती खांदी कुंपणाला रोवली तरी पालवते!

मग ओळखायचं कसं? खोडावर कोयता मारू नका; ऐनासारख्या जाड, भेगाळ सालीतून काही कळतही नाही. बोटाएवढी कोवळी फांदी धरा, नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवट, ओलसर थर लागला तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं आणि फांदी कटकन मोडली, तरी ती एकच फांदी वाळलेली असू शकते. म्हणून चारी बाजूंच्या फांद्या पाहा, टोकांना डोळे फुगलेत का बघा. तरीही शंका राहिली तर पाऊस पडेपर्यंत थांबा. जिवंत झाड पालवी दाखवतंच.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: अनोळखी झाड बिब्ब्याचंही असू शकतं. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, धूरही बाधतो. जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय ते लाकूड चुलीत घालू नका.