फोर्ट जीझस, मोंबासा

फोर्ट जीझस : केनियाच्या मोंबासा बेटावरील पोर्तुगीज जलदुर्ग. बेटाच्या आग्नेय कडेला, जुन्या बंदराच्या तोंडावर, समुद्रात उतरणाऱ्या प्रवाळखडकावर तो उभा आहे. बांधकाम १५९३ मध्ये सुरू झाले आणि १५९६ मध्ये पुरे झाले. स्वाहिलीत, म्हणजे या किनाऱ्याच्या भाषेत, किल्ल्याला ‘न्गोमे’ म्हणतात. हा किल्ला मात्र जगभर पोर्तुगिजांनी दिलेल्या येशूच्या नावानेच ओळखला जातो. २०११ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला इथे फार परके वाटत नाही. किल्ल्याचा आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती या मिलानच्या वास्तुविशारदाचा. तो पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखाचा मुख्य अभियंता होता आणि वसई-दमणच्या तटबंदीच्या कामांशीही त्याचे नाव जोडले जाते. मोंबासाचा किल्लेदार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असे, आणि दारूगोळा, रसद, ताज्या दमाचे शिपाई यांसाठी त्याची नजर गोव्याकडे लागलेली असे. त्यामुळे आफ्रिकेच्या भूमीवर असला तरी या किल्ल्याचा पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

मोंबासा हे पोर्तुगीज येण्यापूर्वीपासूनचे सधन स्वाहिली बंदर. वास्को द गामा १४९८ मध्ये इथे आला तेव्हा त्याचे स्वागत झाले नाही. शेजारच्या मालिंदीने मात्र त्याला जवळ केले, आणि पुढची शंभर वर्षे पोर्तुगिजांनी या दोन बंदरांतले वैर वापरून घेतले. १५०५ मध्ये पोर्तुगिजांचा भारतातला पहिला व्हाइसरॉय आल्मेइदा याने मोंबासा लुटून जाळले. किल्ला बांधण्याची निकड भासली ती १५८०च्या दशकात. मीर अली बे हा तुर्की सरदार जहाजे घेऊन या किनाऱ्यावर उतरला आणि मोंबासाने त्याला आश्रय दिला. १५८९ मध्ये गोव्याहून आलेल्या आरमाराने त्याला पकडले, त्याच सुमारास मुख्य भूमीवरून आलेल्या झिंबा टोळ्यांनी बेटाची धूळधाण केली. मालिंदीचा सुलतान मोंबासाच्या गादीवर बसवला गेला आणि त्याच्या पाठीशी तोफा उभ्या करण्यासाठी किल्ल्याचा पाया घातला गेला. स्पेनचा दुसरा फिलिप तेव्हा पोर्तुगालचाही राजा होता. एका बुरुजाचे नाव ‘सां फिलिप’ आहे ते त्यामुळेच.

आराखडा माणसाच्या देहासारखा आहे असे प्रत्येक वाटाड्या सांगतो : समुद्राकडे पुढे आलेला भाग म्हणजे डोके, चार बुरूज म्हणजे हातपाय. युरोपातल्या प्रबोधनकाळात प्रमाणबद्ध वास्तूचा आदर्श मानवी देहात शोधला जाई, तेव्हा सांगण्यात तथ्य आहे. पण तटावर उभे राहून हा माणूस कुणालाच दिसत नाही, त्यासाठी नकाशाच पाहावा लागतो. खरी करामत बुरुजांच्या कोनांत आहे. एका बुरुजावरच्या तोफेचा मारा दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे शत्रूला तटाखाली आडोसा सापडत नाही. जमिनीच्या बाजूला खडकात कोरलेला खंदक आहे. तट प्रवाळदगडाचे, जिथे गिलावा उडाला आहे तिथे दगडातली छिद्रे आणि शिंपल्यांचे ठसे स्पष्ट दिसतात.

किल्ल्याच्या इतिहासातले सर्वांत चटका लावणारे प्रकरण युसुफ बिन हसन याचे. त्याचा बाप, मोंबासाचा सुलतान, १६१४ मध्ये पोर्तुगिजांच्या चिथावणीने मारला गेला. पोराला गोव्याला नेऊन ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या मठात वाढवले, बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव ‘दों जेरोनिमु’ ठेवले. मोठा झाल्यावर त्याला मोंबासाच्या गादीवर बसवले. आपला माणूस आपल्या किल्ल्यासमोर, असा हिशेब. १६ ऑगस्ट १६३१ रोजी तो माणसे घेऊन किल्ल्यात शिरला, किल्लेदाराला ठार केले आणि बेटावरच्या पोर्तुगिजांची कत्तल केली. तो पुन्हा मुसलमान झाला. गोव्याहून आलेल्या आरमाराला १६३२ मध्ये किल्ला घेता आला नाही, पण ते माघारी गेल्यावर युसुफच किल्ला सोडून समुद्रावर निघून गेला. पोर्तुगीज परत आले, डागडुजी केली आणि दरवाजावर पराक्रमाचा शिलालेख बसवला. तो अजून तिथे आहे. मात्र लेख विजेत्याचा आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावा.

पुढचा घाव मस्कतच्या ओमानी अरबांचा. १३ मार्च १६९६ रोजी त्यांनी वेढा घातला आणि तो जवळपास तेहेतीस महिने चालला. आत थोडे पोर्तुगीज शिपाई आणि त्यांच्या आश्रयाला आलेले शेकडो स्वाहिली स्त्रीपुरुष होते. त्यांना शत्रूपेक्षा रोगराईने जास्त मारले. १६९७च्या उन्हाळ्यानंतर पोर्तुगीज जवळजवळ संपले, तेव्हा उत्तरेकडच्या फाझा या स्वाहिली नगराचा राजपुत्र ब्वाना दाऊद आपल्या मूठभर माणसांनिशी किल्ला लढवत राहिला. पोर्तुगिजांचा म्हणून ओळखला जाणारा हा बचाव त्या काळात स्वाहिली हातांनी तोलून धरला होता.

मदत का येत नव्हती, हे समजायला वारे समजून घ्यावे लागतात. हिंदी महासागरात नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा वाहतो, त्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा ‘कुसी’ सुरू होतो. गोव्याहून मोंबासाकडे यायचे तर कास्काझी हवा. तो हुकला की पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहणे आले. किल्लेदाराचे पत्र जायला एक हंगाम, उत्तर यायला दुसरा. आपल्या कोळ्यांना आणि नाखव्यांना हे सांगायची गरज नाही. ‘नाखवा’ आणि स्वाहिली ‘नाहोधा’, ‘बंदर’ आणि ‘बांदारी’ हे शब्द दोन्ही किनाऱ्यांवर एकाच फारसी मुळातून आले आहेत.

मदतीला आलेल्या जहाजांत ‘सांतो आंतोनियो द ताना’ हे एक होते. पोर्तुगीज ठाणे शहराला ‘ताना’ म्हणत. हे लढाऊ जहाज वसईला बांधलेले, १६८१ मध्ये पुरे झालेले. ऑक्टोबर १६९७ मध्ये ते किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी बुडाले. १३ डिसेंबर १६९८ रोजी ओमानी सैन्य तटावर चढले तेव्हा लढणारे जेमतेम डझनभर उरले होते. गोव्याचे आणखी एक आरमार त्यानंतर काही दिवसांतच खाडीच्या तोंडाशी आले, किल्ल्यावर ओमानी निशाण पाहिले आणि परत फिरले. १७२८ मध्ये किल्ल्यातल्या शिबंदीच्या बंडाचा फायदा घेऊन पोर्तुगीज पुन्हा आत शिरले, पण पुढच्याच वर्षी मोंबासाकरांनी त्यांना हाकलले. दहा वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली.

त्यानंतरचा काळ थोडक्यात असा : मझरूई हे ओमानी घराणे मोंबासाचे स्वतंत्र धनी झाले, १८३७ मध्ये ओमानचा सुलतान सय्यद सईदने त्यांची सत्ता मोडून किल्ला झांझिबारच्या अमलाखाली आणला, आणि १८९५ मध्ये इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. तुरुंग १९५८ पर्यंत होता. मग पोर्तुगालच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या देणगीतून डागडुजी झाली, पुरातत्त्वज्ञ जेम्स कर्कमन यांनी उत्खनन केले आणि संग्रहालय उघडले. आज ते केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेकडे आहे.

किल्ला रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत उघडा असतो. केनियाचे नागरिक, पूर्व आफ्रिकेचे रहिवासी आणि परदेशी असे तिकिटाचे वेगवेगळे दर आहेत. सकाळी लवकर जावे. दहानंतर आतल्या उघड्या चौकात सावली फारशी मिळत नाही आणि प्रवाळाचे पांढरे दगड डोळ्यांवर येतात. एप्रिल-मे हे ‘मसिका’ या मोठ्या पावसाचे महिने, तेव्हा दगड निसरडे होतात. दाराशी वाटाडे भेटतात, त्यातले काही खरोखर जाणकार असतात. पण बिदागी आधीच ठरवून घ्यावी. आत चर्चचा चौथरा, पाण्याचे टाके आणि मझरूईंची खोल विहीर आहे. सां फिलिप बुरुजावरचे ओमानी घर चुकवू नये. तिथल्या कोरीव दरवाजासमोर आणि दागिने-भांड्यांसमोर सावकाश थांबले तर हे फक्त पोर्तुगिजांचे ठिकाण नाही हे लक्षात येते. पोर्तुगीज शिपायांनी गिलाव्यावर कोळशाने आणि गेरूने काढलेली चित्रे जपून ठेवली आहेत. त्यात गलबते आहेत, माणसे आहेत, रेषा कच्च्या आहेत. पहाऱ्यावरच्या शिपायाचा कंटाळा त्यात जसा उतरला आहे तसा दरवाजावरच्या शिलालेखात नाही.

बाहेर पडले की उत्तरेला जुने मोंबासा सुरू होते : अरुंद गल्ल्या, पुढे आलेले लाकडी सज्जे, मशिदी, गुजराती व्यापाऱ्यांची जुनी घरे. दुकानाला इथे ‘दुका’ म्हणतात आणि गाडीला ‘गारी’.

‘सांतो आंतोनियो’चे उत्खनन १९७६ नंतर काही वर्षे चालले. वर काढलेल्या वस्तूंपैकी काही किल्ल्याच्या संग्रहालयात मांडल्या आहेत. वसईत घडवलेला जहाजाचा सांगाडा मात्र वर काढला नाही. त्याची मोजमापे घेऊन तो पुन्हा वाळूखाली झाकला. समुद्राकडच्या तटावरून खाली दिसणाऱ्या पाण्यात तो आहे.