मिसिंगचा पूर्वेतिहास, आणि मधल्या पिढीतल्या गाड्या

बडोद्यात आज कुणी ‘जुनी गाडी’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पद्मिनी किंवा अँबॅसडर नसते. त्या हौशी मंडळींच्या ताब्यात गेल्या. जुनी गाडी म्हणजे २००० ते २०१२ च्या दरम्यानची, वडिलांकडून मुलाकडे आलेली, दांडिया बाजारात नाहीतर वाडीत घरासमोर लावलेली, बहुतेक वेळा मागे सीएनजीची टाकी असलेली हॅचबॅक. तिची तक्रारही ठरलेली: मिसिंग मारते, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही आणि गाडी अडखळते, पण गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते. गाडीच्या संगणकातली दोषांची नोंद वाचणारा स्कॅनर लावला तर काही निघत नाही. मालकाला वाटतं मिस्त्री कच्चा आहे, मिस्त्रीला वाटतं साहेबांना भास होतोय. माझ्या मते दोघंही एकमेकांवर अन्याय करतात. हा घोळ बराचसा त्या गाड्या कोणत्या काळात बनल्या त्यातून आलेला आहे.

सुरुवात केटरिंगपासून करावी लागते. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) यांवर चालणारी इग्निशन, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पाडणारी यंत्रणा, चार्ल्स केटरिंगनं अमेरिकेत १९१० च्या सुमारास तयार केली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती सेल्फ-स्टार्टरसोबत आली. कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर यांच्या बॉनेटखाली कित्येक दशकांनंतरही तेच तत्त्व होतं. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. रोटर ते ज्याच्या त्याच्या प्लगकडे पोचवतो. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर, फिलर गेजनं मोजायची.

या रचनेचा मोठा गुण असा की दोष डोळ्यांना दिसायचा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून उजेडात तिरकी धरली की आतल्या बाजूला, एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत, पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसायची. ओलसर हवेत स्पार्क प्लगकडे न जाता या रेघेवरून पळायचा. दुपारी ऊन पडलं की गाडी पुन्हा ठीक. पावसाळ्यात रात्री बॉनेट उघडून, दिवे बंद करून इंजिन चालू ठेवलं तर खराब प्लग वायरवर निळसर ठिणग्या नाचताना दिसत. यापेक्षा छुपा दोष अँबॅसडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये असायचा. पॉइंटला जाणारी छोटी लवचीक वायर वरून धडधाकट दिसे, पण रबराच्या आत तिची तार तुटलेली असे. आयडलिंगला तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली, म्हणून इंजिन गुळगुळीत. रेस दिली की व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगीची वेळ अलीकडे आणणारा भाग, पॉइंटखालची प्लेट फिरवतो, टोकं सुटतात आणि गाडी झटके खाते. ती वायर बोटांनी ओढून बघितल्याशिवाय हा दोष सापडत नसे.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक व्हायची. पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होई आणि गाडी अडखळे. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं. त्यानं गाडी चालली तर दोष पेट्रोलचा, नाही चालली तर करंटचा. अशी निदानं शाळेत शिकवली जात नसत, पण ती चुकतही क्वचितच.

हे सगळं बदललं ते प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. जळलं नाही असं पेट्रोल सायलेन्सरकडे गेलं की ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात, जळतं आणि त्याला आतून वितळवतं. त्यामुळे मिसफायर, म्हणजे आपलं मिसिंग, हा सरकारच्या चिंतेचा विषय झाला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीनं आपले दोष आपणच तपासण्याची व्यवस्था, सक्तीचं झालं आणि त्यात गाडीनं स्वतःचा मिसफायर स्वतः ओळखावा अशी अट आली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी तशी सक्ती २००१ पर्यंत आली.

ओळखण्याची रीत सुंदर आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, एक छोटा रेटा मिळतो. एक रेटा चुकला तर क्रँकच्या चाकाचे दात सेन्सरसमोरून जायला किंचित जास्त वेळ घेतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा वेळ मोजतो, कोणता सिलिंडर चुकला ते ठरवतो आणि तसा कोड नोंदवतो: पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ म्हणजे दुसरा, पी०३०० म्हणजे ठरावीक कुठलाच नाही. खड्ड्यांतून जातानाही क्रँकचा वेग असाच हिसके खातो, म्हणून बऱ्याच कंपन्या रस्ता खराब असल्याचं लक्षात आलं की ही मोजणी तेवढ्यापुरती थांबवतात. आपल्याकडचे पावसाळ्यानंतरचे रस्ते बघता ही मोजणी किती वेळ चालू राहत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

भारतात हे टप्प्याटप्प्यानं आलं, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या टप्प्यांत आहे. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. २००० मध्ये देशभर युरोपच्या धर्तीची प्रदूषणाची मानकं आली, कार्बोरेटर मागे पडला आणि एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरनं पेट्रोल फवारण्याची पद्धत, आलं. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हे आणखी कडक मानक आलं, पण फक्त तेरा शहरांत. त्या यादीत अहमदाबाद होतं, सुरत होतं, आपल्या मराठी माणसांचं सोलापूरही होतं. अहमदाबाद आणि सुरतेच्या मधोमध असलेलं बडोदं नव्हतं. स्टेज ४ सोबत आलेल्या ओबीडीच्या पहिल्या टप्प्याचा भर मुख्यतः सेन्सर आणि वायरिंग जागेवर आहे का, यावर होता. मिसफायर पकडण्याची सक्ती दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०१३ पासून आली.

म्हणजे मधल्या बारा-तेरा वर्षांतल्या अनेक गाड्यांमध्ये ईसीयू आहे, कन्व्हर्टर आहे, स्कॅनरचं सॉकेटसुद्धा आहे, पण मिसफायरवर नजर ठेवणारं कुणी नाही. परदेशी मूळ असलेल्या काही मॉडेल्समध्ये ती सोय आधीपासून होती, तो भाग वेगळा. बाकीच्यांत स्कॅनर कोरा आला याचा अर्थ ‘दोष नाही’ असा नसून ‘विचारलंच नाही’ असा आहे. अशा गाडीवर स्कॅनर लावून ‘ओके’ सांगणं मला पटत नाही.

दुसरीकडे जुन्या सवयीही इथे नडतात. एकेक प्लग वायर काढून आवाज बदलतो का ऐकायचं, ही पद्मिनीच्या काळातली खात्रीची तपासणी. डिस्ट्रिब्युटरऐवजी कॉइल पॅक असलेल्या गाडीत ती महागात पडते. स्पार्कला वाट मिळाली नाही की तो कॉइलचं इन्सुलेशन फोडून वाट काढतो, कधी ईसीयूलाही इजा करतो. त्याऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर काढावं, परिणाम तोच मिळतो. चार सिलिंडरच्या ज्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगना करंट देते, तिथे १ आणि ४ किंवा २ आणि ३ अशी जोडी एकदम गळली, म्हणजे पेटेनाशी झाली, तर आधी कॉइलवर संशय घ्यावा. एकटाच सिलिंडर गळला तर प्लग, वायर, इंजेक्टर किंवा वॉल्व.

बडोद्यात याला दोन स्थानिक फाटे फुटतात. एक विश्वामित्री नदीचा. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. धुऊन, वाळवून त्या पुन्हा चालू झाल्या, पण कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर हळूहळू चढतो आणि दोष महिन्यांनी उगवतो. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा एकेक जुडगा हातानं हलवत जाणं, हाच त्यावरचा उपाय. सेकंड हँड गाडी असेल तर ती पुरात होती का, हे विकणारा सांगेलच असं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाशी चिखलाची रेघ आहे का ते बघावं.

दुसरा फाटा सीएनजीचा, आणि तो निदानाला चक्क मदत करतो. इंजिनात हा गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे दमलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर मिसिंग मारतो. गाडी गॅसवर अडखळते आणि स्विच दाबून पेट्रोलवर घेतली की ठीक चालते, तर प्लग, वायर, कॉइल या क्रमानं जावं. सीएनजी किटचा फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर त्यानंतर. उलट फक्त पेट्रोलवर अडखळत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. दोन्हींवर, विशेषतः गरम इंजिनात आयडलिंगला, एकच सिलिंडर गळत असेल तर वॉल्व ढकलणारे टॅपेट बघावेत. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात वॉल्व सीटमध्ये खोल बसत जातात, टॅपेटची फट संपते आणि वॉल्व पुरता मिटत नाही. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं की हे दहा-पंधरा मिनिटांत कळतं, तरी बहुतेक गॅरेजमध्ये ते गेज नवी कॉइल आणि नवे प्लग बसवून झाल्यावरच बाहेर निघतं.