श्यामची आई (चित्रपट, १९५३)

प्र. के. अत्रे यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावरून काढलेला कृष्णधवल मराठी चित्रपट. पटकथा, निर्मिती आणि दिग्दर्शन तिन्ही अत्र्यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. आईची भूमिका वनमाला यांनी केली, तर छोट्या श्यामची माधव वझे यांनी. चित्रपट ६ मार्च १९५३ रोजी प्रदर्शित झाला. केंद्र सरकारने चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले तेव्हा सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिलेवहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. त्या वर्षी ‘दो बिघा ज़मीन’सारखा चित्रपटही स्पर्धेत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मानाचे मोल कळते.

मूळ पुस्तक तुरुंगात जन्मले. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगडचा. अमळनेरला शिक्षकी केल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला घेतले आणि अवघ्या पाच दिवसांत पुस्तकाचा मोठा भाग कागदावर उतरवला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमात सायंप्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत.

ही मांडणी वाचायला गोड, पण पडद्यावर आणायला अवघड. प्रत्येक रात्र स्वतंत्र असते, एक प्रसंग सांगून संपते. एका रात्री श्याम झाडावरच्या मुक्या कळ्या तोडतो, दुसऱ्या रात्री भाजी अळणी होते आणि वडील चकार शब्द न काढता जेवून उठतात. या सुट्या आठवणींना बांधणारा एकच धागा पुस्तकात आहे, तो म्हणजे घराची उतरती कळा. खोताचे खातेपिते घर, मग भाऊबंदकीतून वेगळे निघणे, कर्ज, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेली बेअब्रू, आईचे अंथरूण धरणे आणि शेवट. अत्र्यांनी या धाग्यालाच चित्रपटाचा कणा केले, म्हणून बोधकथांची जंत्री न होता एका घराची गोष्ट उभी राहिली.

पुस्तकाविषयी एक गैरसमज पक्का रुजला आहे, की ते रडूबाई पुस्तक आहे. नीट वाचले तर त्यातली आई मुळीच मऊ नाही. आंघोळ झालेला श्याम ओल्या पायांना माती लागेल म्हणून धोंडीवरून खाली उतरत नाही, तेव्हा ती लुगड्याचा ओचा पसरून त्यावर पाय ठेवू देते आणि त्याच क्षणी बजावते, पायांना जपतोस तसे मनालाही घाण लागू देऊ नकोस. पोहायला घाबरून माळ्यावर दडलेल्या मुलाला ती शिमटीने फोडून काढते, विहिरीवर पाठवते. मग पाठीवरचे वळ बघून स्वतःच डोळे पुसते. मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महार बाईला हात लावायला पाठवणारीही तीच, त्या काळच्या ब्राह्मण घरातली. शिस्त आणि माया तिच्यात वेगळी काढताच येत नाहीत. ही आई पडद्यावर आणायची तर अभिनेत्रीकडे नुसते भरून आलेले डोळे असून भागणार नव्हते.

वनमाला मूळच्या ग्वाल्हेरच्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ (१९४१) मुळे त्या देशभर गाजलेल्या, रूपवान नायिका होत्या. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्येही त्यांनी काम केले होते. अशा तारकेला कोकणातली कर्जाने गांजलेली गृहिणी करणे धाडसाचे होते आणि ते फळले. त्यांचा ताठ कणा गरिबीतही वाकत नाही. म्हणूनच ती गरिबी अधिक लागते. पुढे त्यांनी चित्रपटसृष्टी सोडली आणि आयुष्याचा उत्तरार्ध अध्यात्मात घालवला. माधव वझे मोठेपणी इंग्रजीचे प्राध्यापक, नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले, तरी लोकांच्या तोंडी त्यांची ओळख ‘श्याम’ अशीच राहिली.

अत्र्यांच्या बाबतीतही थोडे सांगायला हवे. ‘झेंडूची फुले’ लिहिणारा विडंबनकार, ‘साष्टांग नमस्कार’चा नाटककार, सभा गाजवणारा वक्ता अशी त्यांची ख्याती. पण ते मुळात शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, त्यांनी मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार केली होती. मुलाला काय कळते आणि काय बोचते हे त्यांना वर्गात उभे राहून ठाऊक झाले होते. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपवले. ती जखम महाराष्ट्रात ताजी असतानाच हा चित्रपट आला, आणि लोक तो पाहायला गेले ते केवळ करमणुकीसाठी नव्हे.

गाण्यांपैकी ‘भरजरी गं पितांबर दिला फाडून’ हे आशा भोसले यांनी गायलेले गीत आजही भाऊबीजेला हटकून लागते. कथा एवढीच: कृष्णाचे बोट कापले आहे आणि बांधायला चिंधी हवी आहे. सख्खी बहीण सुभद्रा म्हणते, शालू-पैठणी का चिंधीसाठी फाडायची? मानलेली बहीण द्रौपदी मात्र अंगावरचा भरजरी पितांबर फाडून देते. रक्ताच्या नात्यापेक्षा अंतरीची ओढ मोठी, हा साने गुरुजींचा अवघा विचार या एका गाण्यात आला आहे. वसंत देसाईंची चाल ओवीसारखी घरगुती आहे, जात्यावर म्हणता येईल इतकी. कवी यशवंतांची ‘आई म्हणोनी कोणी आईस हाक मारी’ ही कविताही या चित्रपटात आहे. ‘छडी लागे छम छम, विद्या येई घम घम’ तर म्हणीसारखे बोलण्यात मुरले. अनेकांना ते मुळात चित्रपटगीत आहे हेही माहीत नसते.

पहिले सुवर्णपदक मराठीला मिळाले खरे, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान पुन्हा मराठीकडे यायला अर्धशतक जावे लागले. ते घडले संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मुळे. योगायोग असा की त्याच्याही केंद्रस्थानी कोकणातला एक लहान मुलगा आहे. दरम्यान अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला लगेच पुढच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला होता.

सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर नवा चित्रपट केला. तोही मुद्दाम कृष्णधवल. त्यात गौरी देशपांडे आई झाल्या आहेत आणि साने गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर आहेत. या रूपांतरात सांगणारा मोठा श्यामही ठळक होतो, म्हणजे तुरुंगात बसून आईला आठवणारा माणूस. ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.