चेंगरून होणाऱ्या इजा

जड वस्तूखाली शरीराचा भाग दाबला गेल्याने स्नायू, हाडे, नसा आणि रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजा. मराठवाड्यात उलटलेली उसाची ट्रॉली, रसवंतीचा चरक, मळणी यंत्र आणि विहिरीची ढासळती दरड यांमुळे त्या होतात. भूकंपात त्या एकाच वेळी शेकडोंना होतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. धक्का ६.२ तीव्रतेचा, म्हणजे फार मोठा नव्हे. जीव घेतला तो घरांनी : मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फुटी भिंती आणि लाकडी माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे थर. असे घर बसले की आत पोकळी फारशी उरत नाही, आणि छाती दबून किंवा नाकातोंडात माती जाऊन माणूस गुदमरतो.

छाती मोकळी राहून नुसता पाय अडकला, तर माणूस तासन्‌तास शुद्धीवर राहतो, बोलतो, पाणी मागतो. दगड उचलल्यावर मात्र काही वेळातच त्याचे हृदय बंद पडू शकते. दाबाखाली स्नायूंच्या पेशी फुटलेल्या असतात. दाब जाताच त्यांतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि हृदयाचा ठोका बिघडवते. रक्तातले पाणी सुजणाऱ्या पायात ओढले जाऊन रक्तदाब कोसळतो. मायोग्लोबिन हे स्नायूंतले प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकते. लघवी चहाच्या रंगाची होते, मग बंदच पडते. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून काढलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले.

म्हणून शिरेवाटे सलाइन शक्यतो ढिगाऱ्यातच, पाय सोडवण्याआधी सुरू करतात. प्रौढाला सुरुवातीला तासाला साधारण १ लिटर. शिरेवाटे देण्याचे रिंगर लॅक्टेट हे दुसरे द्रावण मात्र, त्यात पोटॅशियम असल्याने, टाळतात. सलाइन हाताशी नसेल तर त्यासाठी सुटका रोखून धरायची नाही. ट्रॉलीखाली नुकताच सापडलेला माणूस तर लगेच काढायचा. मूत्रपिंडे थकलीच तर डायलिसिस लागते.

कातडी न फाटलेला पायही फसवतो. स्नायूभोवतीचे आवरण ताणत नाही, त्यामुळे आतली सूज रक्तपुरवठाच बंद करते. बोटे नुसती वाकवली तरी असह्य कळ येणे, ही त्याची महत्त्वाची खूण. अशा पायाला तेल चोळणे किंवा हाड बसवणाऱ्याकडून कामट्यांची घट्ट पट्टी बांधून घेणे घातक. पट्टीने दाब आणखी वाढतो. वेळेत आवरण चिरून दाब मोकळा केला तर पाय वाचू शकतो. जगलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे बहुधा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. मेलेला स्नायू मात्र भरून येत नाही, आणि नस दुखावली असेल तर पाऊल लुळे राहू शकते.